लाल न होणारं लोखंड

आमच्या घरी सकाळचा पहिला आवाज भात्याचा. आई चुलीच्या आधी भट्टी पेटवायची आणि भट्टीतला निखारा पळीने उचलून मग चुलीत न्यायची. दोन्ही विस्तव घरचेच, पण भट्टीचा थोरला, असं ती म्हणे. भाता ओढायचं काम तिचं, सांडशीत लोखंड धरून हातोडीने जागा दाखवायचं काम माझ्या बाचं, आणि हातोडी जिथे टिचकी मारील तिथे घण घालायचं काम माझं. माझा थोरला भाऊ मुंबईला गिरणीत गेल्यापासून घण माझ्याकडे आला होता. चौदा-पंधरा वर्षांची पोर घण मारते याचं लोहाराच्या घरात कुणाला काही वाटत नसे. येणारे-जाणारे मात्र घटकाभर थांबून बघत आणि "यमुने, नवरा जरा बेतानं कर गं" म्हणून हसत. माझा उजवा खांदा अजून डाव्यापेक्षा वर आहे. इथे भूगावात झंपर शिवून देणारी बाई दर वेळी माप घेताना थबकते, आणि दर वेळी मी तिला घणाची गोष्ट सांगते.

ऐरणीपाशी बोलायचं नाही, हा आमच्या घरातला कायदा. लोखंड लाल असतं तोवरच ऐकतं. तुम्ही तोंड उघडलंत की ते निवतं. म्हणून बा हातोडीनेच बोलायचा. एक टिचकी म्हणजे इथे मार. दोन म्हणजे जोरात. हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की थांब. आई भाता ओढताना त्याच्या खांद्याकडे बघायची आणि वारा वाढवायची किंवा कमी करायची. तिघांच्या तीन कामांत अख्खी सकाळ एक शब्द न बोलता जायची आणि कोयता तयार व्हायचा. दुसरा कायदा असा, की रिकाम्या ऐरणीवर घाव घालायचा नाही. ऐरण म्हणजे लक्ष्मी. तिच्यावर उगाच घाव घातला तर ती उठून जाते, असं आजा सांगून गेला होता. लहानपणी मी एकदा गंमत म्हणून हातोडी आपटली, तेव्हा बाने मला मारलं नाही, पण ऐरणीला हळद-कुंकू वाहायला लावलं आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला संध्याकाळी वाटलं होतं.

तेव्हा आम्ही शिरवथरला नव्हतो. शिरवथर म्हणजे आमचं गाव, ते खाली पाण्यात गेलं होतं. मुळा नदीला धरणाची भिंत आडवी पडली आणि एका पावसाळ्यात पाणी चढत चढत खाचरांतून आळीत, आळीतून देवळात आणि देवळातून आमच्या घरात आलं. आम्ही वरच्या टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, कुडाचं घर घातलं होतं, तिथून मी ते चढताना बघितलं. पाण्याला काही घाई नव्हती. आज पायरी, उद्या उंबरा, परवा कोनाडा. मला वाईट वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मी थक्क झाले होते. एवढं पाणी मी कधी बघितलं नव्हतं. डोंगराचे पाय पाण्यात गेले, आणि उरलेला डोंगर उलटा होऊन पाण्यात दिसू लागला. आमच्या जुन्या घराशेजारी एक उंबर होता, त्याचा शेंडा तेवढा वर राहिला. पहिल्या वर्षी त्याला पानं होती. दुसऱ्या वर्षी नुसत्या काटक्या उरल्या आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसू लागले. अशी शेकडो झाडं पाण्याखाली उभी होती. वरून बघताना ती दिसत नसत.

ज्यांची जमीन होती ते कुठे कुठे गेले. कुणी पौडाकडे, कुणी पिरंगुटच्या अंगाला, कुणी घाट उतरून कोकणात. आमचं शेत नव्हतं. गाव हेच आमचं शेत होतं. नांगराचे फाळ, विळे, गाडीच्या चाकाच्या धावा, बैलांच्या खुरांच्या पत्र्या करायच्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन आंबेमोहराच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन यायच्या, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. आता खळं नव्हतं आणि आंबेमोहरही नव्हता. कधी धनगर मेंढ्यांची कातर घेऊन येत, कधी कातकरी कोळशाच्या बदल्यात कोयत्याला धार लावून नेत. बाकी दिवस आई नुसती राख सारवायची. मुंबईहून भावाचा निरोप आला होता की खोलीत जागा आहे, बाला गिरणीत लावून घेतील, या. बाने दिवाळीनंतर जायचं ठरवलं होतं. ऐरण पौडाच्या एका लोहाराला द्यायचंही बोलणं झालं होतं. आई त्या दिवसापासून रोज दुपारी ऐरण ओल्या फडक्याने पुसायला लागली. मी घण नेऊन भिंतीच्या मागे लपवला. जसा काही घण लपवला की मुंबई टळणारच होती!

त्या पाण्यावर एके दिवशी आवाज आला. आम्ही नाचणीची भाकरी आणि कुर्डूची भाजी खात होतो. आधी वाटलं, पलीकडच्या डोंगरात कुणी सुरुंग लावतंय. मग वाटलं, एकामागोमाग एक इतके सुरुंग कोण लावील? फट्‌ फट्‌ फट्‌ फट्‌, आणि प्रत्येक फट् समोरच्या कड्यावर आपटून परत येत होता. हातातला घास तसाच घेऊन मी बाहेर धावले. पाण्यावर एक होडी चालली होती. तिला वल्हं नव्हतं, शीड नव्हतं. मागच्या बाजूला एक काळं यंत्र टांगलेलं, आणि त्यामागे पाणी दुभंगून पांढरं होत होतं. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिने पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. मीही जोडले. एका हातात भाकरीचा घास होता, तो तसाच ठेवून. बा मात्र मान वाकडी करून ऐकत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आत कुटंतरी लोखंडावर लोखंड चालतंय. पर ठोका कसा एकसारका हाय बग. मानसाच्या हाताला न्हाई जमायचा."

होडी धरणवाल्यांची. ती चालवायला रत्नागिरीकडून एक म्हातारा आणला होता, त्याला सगळे तांडेल म्हणत. तो या काठाची माणसं त्या काठाला सोडी, टपाल नेई, पाणी मोजणाऱ्या साहेबांना फिरवी. ते यंत्र, म्हणजे इंजिन, आधी मुंबईच्या समुद्रात चालत होतं. समुद्रात खोली असते, त्यामुळे ते सदा पाण्यात बुडवलेलं असलं तरी चालायचं. आमच्या पाण्यात मात्र झाडं आणि भिंती होत्या. झाड आलं की इंजिन मागे उचलून घ्यायचं, म्हणजे खालचा पंखा पाण्याबाहेर येतो आणि होडी वरून निसटते, अशी त्याची रचना होती. होडीला धरणारा चिमटा आणि इंजिन यांच्यामध्ये दाराला असते तशी बिजागरी होती. चिमट्याला दोन कान, दोन कानांत दोन खिळी. पण समुद्राच्या पाण्याने त्या दोन्ही खिळी कानांत अशा धरल्या होत्या की इंजिन तसूभर उचललं जात नव्हतं. पंखा दोनदा फांदीत अडकून वाकला. तिसऱ्यांदा होडी कलली आणि एक बाई पोरासकट पाण्यात पडता पडता वाचली. धरणाच्या ओव्हरसियरने होडी बांधून ठेवली. फट्‌फट् थांबली आणि पलीकडच्या काठावरच्या माणसांना पुन्हा डोंगराला वळसा घालून दिवसभर चालायची वेळ आली.

तांडेल आमच्याकडे आला तो ती बिजागरी पोत्यात गुंडाळून, तान्हं मूल आणावं तशी दोन्ही हातांत धरून. इंजिनाचं डोकं त्याने सोडवून घरी ठेवलं होतं. "लोहारदादा," तो म्हणाला, "दोन ठिकानी दाखवलंय. पुन्याचो मिस्त्री बोललो, तोडूक लागेल, नवीन विलायतेसून मागव. विलायतेसून येईस्तवर पावसाळो येल." मग हळूच म्हणाला, "ओव्हरसियर बोलतो, ह्या खिळी जो काढील तेका धरनाच्या कारखान्यात लोहार म्हनून घेऊ. भट्टी तुझी, ऐरन तुझी. पर मोडलास तर मोडलास."

आईचा भात्यावरचा हात थांबला. बाने बिजागरी ऐरणीवर ठेवली. तिला काळ्या रंगाचा जाड थर होता. त्याने नखाने थोडा खरवडला, हातोडीने एकदा वाजवून बघितली, कान लावला आणि म्हणाला, "बीड हाय. बीड लई तापवलं की तडकतं. बेतानं घ्याला लागंल."

मला वाटतं तिथेच पहिली चूक झाली. पण चूक कशी म्हणू? बाच्या जगात धातू होते तरी किती! लोखंड, पोलाद, ओतीव लोखंडाचं बीड, तांबं, पितळ. सहावा असेल असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिले तीन दिवस आम्ही करंजाचं तेल पाजलं. खिळीच्या तोंडाशी मेणाचं आळं करून त्यात तेल भरायचं, आणि आई येता-जाता त्यात भर घालायची. तेल आत शिरतच नव्हतं. चौथ्या दिवशी बाने सुंबा, म्हणजे भोकं पाडायचा तो पोलादी खुंटा, खिळीवर धरला आणि मी घण घातला. दहा घाव, वीस घाव. खीळ हलली नाही, पण कानाच्या कडेने पांढरी भुकटी गळून ऐरणीवर पडली. बाने ती चिमटीत घेतली. गंज तांबडा असतो हे आम्हाला न सांगता माहीत. "ही पांढरी कशी?" तो स्वतःशीच म्हणाला. मग तांडेलाकडे बघून म्हणाला, "समिंदराचं मीठ आसंल." तांडेलाने मान हलवली. मी घण खाली ठेवून उभी होते. मला सगळं चाटून बघायची खोड होती, त्यावरून आईचं रोज ऐकून घेत असे. ऐरणीवर सांडलेली ती भुकटी मी बोटाला लावली आणि जिभेवर ठेवली.

ती खारट नव्हती. तुरट होती, हिरडा चावल्यासारखी. जीभ आक्रसली. हे मीठ नाही, हे मला तेव्हाच, त्या क्षणी कळलं होतं. पण ऐरणीपाशी बोलायचं नव्हतं. आणि बा म्हणाला होता मीठ. मी बोट परकराला पुसलं आणि गप्प राहिले. एवढ्या वर्षांत माझ्या हातून पुष्कळ चुका झाल्या, त्यातल्या बऱ्याच मी विसरले, काही विसरल्याचं सोंग घेतलं. ही मात्र विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी तापवायचं ठरलं. बाचं म्हणणं सरळ होतं. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव तापवली की मोठी होते, म्हणून तर ती लाकडावर चढते आणि निवली की आवळून बसते. तसाच बिजागरीचा कान तापवायचा, तो मोठा झाला की खीळ सैल होईल. बीड तडकू नये म्हणून फार नाही, नुसता अंधूक लाल होईतो. बाने एक कान निखाऱ्यात धरला. आईने भाता धरला. मी घण घेऊन उभी राहिले. भर सकाळ होती, दारातून ऊन आत आलं होतं. काळा रंग आधी फुगला, मग धुरकटला, मग जळून गेला, आणि खालून पांढुरका कान दिसू लागला. बा वाट बघत होता. त्याचे डोळे लाल रंग टिपायला बसलेले. तीस वर्षं त्या डोळ्यांनी लोखंडाची लाली ओळखली होती; अंधूक, डाळिंबी, केशरी, पिवळी, प्रत्येक रंगाला त्याच्याकडे एक एक काम होतं. कान पांढराच राहिला. बाच्या खांद्याकडे बघून आईने वारा वाढवला. कान पांढराच. आणखी वारा. कान पांढराच होता, आणि मग काही न बोलता, रंग न बदलता, ठिणगीसुद्धा न उडवता, तो वाकला. लोणी वाकावं तसा. त्याचा खालचा कोपरा गळून निखाऱ्यांत पडला आणि तिथे चकचकीत थेंब होऊन लोळला.

मला भीती वाटली, पण भीतीच्या आधी जे वाटलं ते वेगळंच होतं. न लाजता, न रागावता, आतल्या आत वितळणारं काही जगात असू शकतं, याचंच मला नवल वाटलं. माझा नातू पिरंगुटच्या कारखान्यात लेथवर काम करतो. त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला, म्हणाला, "आजी, ते अॅल्युमिनियम. ते लाल दिसायच्या आधीच पाघळतं, आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात." पुढे ज्याची भांडी घरोघर आली आणि बायका ज्याला जर्मन म्हणू लागल्या, ते हे. पण आमच्या टेपावर ते तोवर आलेलं नव्हतं. जे पहिल्याच आठवड्यात शिकवतात ते बाला शिकवणारं कुणी नव्हतं.

बाने बिजागरी बाहेर काढली. पाणी न मारता बाजूला दगडावर ठेवली. मग घण माझ्या हातातून घेतला, रिकाम्या ऐरणीसमोर उभा राहिला, आणि एक घाव घातला. ऐरण एवढ्या मोठ्याने वाजली की समोरच्या उंबरावरचे पाणकावळे उडाले. आई भात्याजवळच मटकन खाली बसली. बा म्हणाला, "ऐरन पौडाला धाडा. दिवाळीची वाट कशाला बगायची?" आणि बाहेर जाऊन पाण्याकडे तोंड करून बसला.

दुपारी आईने भाकऱ्या केल्या, पण वाढल्या नाहीत. कुणी मागितल्याही नाहीत. मी परसात जाऊन रडले आणि रडताना ठरवलं की सांगायचं. मारलं तर मारलं. बा बसला होता तिथे गेले आणि उभ्यानेच म्हणाले, "बा, ते मीठ नव्हतं."

"काय नव्हतं?"

"ती पांढरी भुकटी. म्या काल जिबंवर ठिवली व्हती. तुरट व्हती."

बाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता उठेल. तो उठलाच, पण माझ्याकडे आला नाही. आत गेला, त्याने ऐरणीच्या फटीतून ती भुकटी बोटावर घेतली आणि स्वतःच्या जिभेवर ठेवली. बराच वेळ तोंड हलवत राहिला. मग म्हणाला, "तुरट हाय." नंतर बिजागरीचा न जळलेला दुसरा कान धरून म्हणाला, "म्हंजी हे लोखंडच न्हाई. हे निराळंच कायतरी हाय. ह्येला आपला गंज चढत न्हाई, आपला रंग चढत न्हाई." त्याचा आवाज सकाळचा नव्हता. एखाद्या पाहुण्याची ओळख करून घ्यावी तसा तो त्या कानावरून अंगठा फिरवत होता. पण लगेच त्याचा चेहरा उतरला. "आनि रंग न्हाई तर किती तापलं ते कळावं कसं? डोळ्याचं काम संपलं ना."

आई चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "म्या तवा कुटं लाल करतीया?"

बा वळला. "काय?"

"तवा तापला का न्हाई ते म्या रंगावरनं थोडंच बगती? पीठ टाकती. पीठ पांढरं ऱ्हायलं तर निवाट हाय. बदामी झालं तर भाकरी टाकायची. काळं झालं तर तवा खाली घ्यायचा." "तुमी त्येला काळ्याच्याबी पल्याड न्हेलंत."

माझ्या आईला मी त्याआधी बाच्या कामात बोलताना कधी ऐकलं नव्हतं, आणि बाला त्याआधी तिच्याकडे असं बघतानाही पाहिलं नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला, जसा पहिल्या दिवशी इंजिनाचा आवाज ऐकत राहिला होता. मग म्हणाला, "येमीची आय, पीठ घ्या. भाता ऱ्हाऊ दे."

त्या दिवशी आमच्या भट्टीवर पहिल्यांदा वारा न घालता काम झालं. निखारे पसरून मंद केले. बाने दुसरा कान वरच्या वर, अंतर ठेवून धरला आणि खिळीच्या दोन्ही टोकांना ओल्या चिंध्या गुंडाळल्या. कान तापावा पण खीळ थंड राहावी, म्हणजे एक फुगेल आणि दुसरी फुगणार नाही. हे त्याचं त्यालाच सुचलं, धावेवरून. नाचणीचं पीठ मुळातच तांबूस, त्यावर रंग कळायचा नाही, म्हणून आईने जपून ठेवलेलं तांदळाचं पीठ काढलं. आंबेमोहराचं, जुन्या खळ्यावरचं शेवटचं. तिने चिमूटभर कानावर भुरभुरवलं. पांढरं. फुंकून टाकलं, पुन्हा भुरभुरवलं. पांढरं. मी घण खांद्यावर घेऊन उभी होते. तिसऱ्यांदा पीठ जरा पिवळसर झालं, आणि घरात भाकरी भाजल्याचा वास सुटला. भट्टीवर भाकरीचा वास! बाच्या कपाळावर घाम होता. तो कानाकडे बघतच नव्हता, आईच्या तोंडाकडे बघत होता. चौथ्यांदा पीठ पडल्या पडल्या बदामी झालं.

"मारा," आई म्हणाली.

बाने बिजागरी ऐरणीवर आणली, सुंबा धरला. मी मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. सुंब्याखालचा आवाज बदलला. आतापर्यंत तो ठप्प येत होता, आता त्यात बारीकशी किर्र आली. बाची हातोडी दोनदा वाजली. मी सगळा जीव एकवटून मारलं, आणि खीळ बोटभर आत गेली. पुढच्या घावाला आणखी बोटभर. मग ती ऐरणीच्या भोकातून सुटून खाली राखेत पडली आणि लोळत आईच्या पायाशी गेली. बाने सांडशीने उचलून फडक्याने पुसली. दोन्ही टोकांना ती खडबडीत, कुजलेली होती. पण मधल्या भागात, जिथे ना वारा पोचला होता ना पाणी, ती नव्या सुईसारखी चकाकत होती. बाने ती उन्हात धरली. मी खूप वर्षं जगले, खूप काही पाहिलं, पण त्या चकाकीइतकं मन भरून काही पाहिलं असेल असं वाटत नाही.

वितळलेल्या कानाचं काय, हा प्रश्न होताच. त्यात आईचं पीठ उपयोगाचं नव्हतं आणि माझी जीभही नव्हती. ते बाचं राज्य. त्याने तो कान खिळीसकट कापून काढला आणि पोलादाचा नवा कान घडवला, भोक पाडून, घासून, जुन्याला जुळेल असा, आणि तो चार रिबिटांनी पक्का बसवला. दोन नव्या खिळी केल्या. हे सगळं करताना तो एकदाही बोलला नाही. पण काम सुरू करण्याआधी त्याने ऐरणीला हळद-कुंकू वाहिलं आणि डोकं टेकलं. रिकाम्या घावाची माफी मागितली असणार, हे न सांगताही आम्हाला कळलं.

ओव्हरसियर आला. त्याने लोखंडी कान पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "हा काय जोड लावलाय?" म्हणाला. बाने झालं ते सगळं सांगितलं, कान आपणच वितळवला हेही. मला वाटलं होतं लपवील. ओव्हरसियरने बिजागरी दोन-चारदा उघडली-मिटली. ती आवाज न करता हलत होती. तो म्हणाला, "पाण्यावर बघू. चालली तर तुझी भट्टी धरणावर. नाही चालली तर मला काही सांगू नकोस." आणि तांडेलाला म्हणाला, "ह्यालाच बसव होडीत. बुडाली तर ह्याच्यासकट."

बा म्हणाला, "आमी तिघंबी बसू. काम तिघांचं हाय."

मी त्याआधी कधी होडीत बसले नव्हते. तांडेलाने दोरी ओढली, इंजिनाने एक शिंक दिली आणि मग ती फट्‌फट् आमच्या पायाखालून, हाडांतून वर यायला लागली. आईने माझा दंड घट्ट धरला. काठ मागे सरकला, आमचं कुडाचं घर लहान झालं, डोंगर फिरू लागले. पाण्याचा वारा तोंडावर आला. पुढे उंबराचा शेंडा दिसू लागला तसा तांडेल ओरडला, "खाली झाडा हायत! उचला आता!" इंजिन उचलायचा दांडा माझ्या बाजूला होता. मी दोन्ही हातांनी खाली दाबला. ते एवढं जड इंजिन दार उघडावं तसं मागे कललं, पंखा पाण्याबाहेर येऊन चमकला, तांडेलाने ते बंद केलं आणि सगळीकडे शांत झालं. होडी आपल्या जोरावर झाडांवरून सरकत गेली. खाली फांद्या दिसत होत्या. फांद्यांमधून मासे जात होते, जिथून पूर्वी साळुंक्या जात.

काठावरून ओव्हरसियरने हात वर केला. बाने तो बघितला, पण त्याचं लक्ष तिकडे नव्हतं. नव्या कानावर हात ठेवून तो बसला होता. मग म्हणाला, "येमे, तुला तुरट लागलं तवाच का न्हाई बोललीस?"

"ऐरनीपाशी बोलायचं न्हाई म्हनून."

त्याने नव्या कानावर बोटाने टिचकी मारली. "लोखंडाचा कायदा हाय त्यो," म्हणाला. "हे लोखंड नव्हतं." मग माझ्याकडे न बघता, "हितनं पुडं बोलायचं."

होडी हळूहळू फिरत होती. आई वाकून पाण्यात बघत होती, काही दिसतंय का म्हणून. बाने उंबराच्या डाव्या अंगाला बोट दाखवलं आणि तांडेलाला म्हणाला, "तितं, त्या अंगाला आपली जुनी भट्टी. आजाच्या हातची. जरा तिकडनं घेता का?"

माझ्या तोंडात शब्द आला आणि सवयीने मी तो गिळायला निघाले. उंबर आमच्या दारात नव्हता; आत्ता आम्ही होतो त्या बाजूने बघितलं तर दाराच्या डावीकडे होता. खेळून दमले की मी पाठ त्याला टेकायची आणि उजव्या हाताला भट्टीची धग लागायची.

"न्हाई बा," मी म्हणाले. "तितं न्हाई. उंबराच्या उजव्या अंगाला."

बाने उंबराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग तांडेलाकडे वळला.

"पोरगी म्हनती उजव्या अंगाला," तो म्हणाला. "उजवीकडं घ्या."